मुंबईत मॅथ्सची डिग्री: अनुदानित, सेल्फ-फायनान्स की आयआयटी, पैसे कुठे किती आणि पुढे काय

माझ्या मावसबहिणीची मुलगी डोंबिवलीला असते, बारावी सायन्स झाली, सीईटी बरी गेलीये पण इंजिनिअरिंग नको म्हणते, मॅथ्सच करायचंय, आणि घरात सगळ्यांचा एकच प्रश्न की मॅथ्स करून पुढे काय, शाळेत शिकवणार का. गेल्या रविवारी तिच्यासोबत वही-पेन घेऊन बसले तेव्हा जे निघालं ते इथे लिहितेय. मी स्वतः अनुदानित कॉलेजातून मॅथ्सची बीएस्सी केली, मग कलिनाला, म्हणजे मुंबई युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसमध्ये, एमएस्सी, आता एका इन्शुरन्स कंपनीत ॲक्च्युरियल टीममध्ये आहे, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडायचं काम.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. "मॅथ्स घेतलं तर स्वस्तात होईल" हे कारण मुलींसाठी आता तितकंसं उरलेलं नाही, कारण २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालं तर ट्युशन फी आणि परीक्षा फी माफ आहे. म्हणजे फीचाच विचार केला तर इंजिनिअरिंग पण परवडतं. मॅथ्स घ्यायचं तर ते आवडतं म्हणून घ्या, चार तास एका प्रूफवर बसायला कंटाळा येत नाही म्हणून घ्या.

आता पैसे. अनुदानित कॉलेजात (माटुंग्याचं रुईया, दादरचं कीर्ती, पार्ल्याचं साठ्ये, मुलुंडचं वझे-केळकर अशी) बीएस्सीची फी साधारण वर्षाला दहा हजारांच्या आसपास पडते, कुठे थोडी कमी कुठे थोडी जास्त, कारण शिक्षकांचे पगार सरकार देतं. रेल्वेचा स्टुडंट पास अर्ध्या किमतीत मिळतो, पुस्तकं लायब्ररीतून. तीन वर्षांत सगळं धरून पन्नास हजारांत डिग्री होते, डोंबिवलीहून रोज येऊन-जाऊन सुद्धा. सेल्फ-फायनान्सवाल्या कोर्सला, म्हणजे जिथे सरकारी अनुदान नाही आणि सगळा खर्च फीमधून निघतो, फीचा आकडा वर्षाला पन्नास हजार ते लाखभर, आणि खासगी युनिव्हर्सिटीत वर्षाला दोन-तीन लाख सहज, तिथे चार वर्षं केली तर आठ ते बारा लाखांवर जातं.

आणि बऱ्याच जणांना कळत नाही ते हे की दोन्ही कोर्स एकाच बिल्डिंगमध्ये असतात. प्लेन मॅथ्स, स्टॅट्स अनुदानित, आणि त्याच कॉलेजचं बीएस्सी डेटा सायन्स किंवा आयटी सेल्फ-फायनान्स. नावात डेटा सायन्स आहे म्हणून पालक पाच-दहा पट फी भरतात. माझ्या नात्यातल्या एका मुलाने असा कोर्स केला, ॲडमिशनच्या वेळी प्लेसमेंटचं खूप सांगितलं होतं, तीन वर्षांत प्रोबॅबिलिटी शिकवायला चार वेगवेगळे व्हिजिटिंग सर येऊन गेले आणि शेवटी पोराने पायथन घरी बसून शिकला. प्रत्येक ठिकाणी असंच होतं असं नाही म्हणणार मी. पण पायथन, आर, एसक्यूएल हे सगळं फुकटात शिकता येतं, लिनिअर ॲल्जिब्रा आणि रिअल ॲनालिसिस एकट्याने घरी शिकणं फार कठीण, मग पैसे द्यायचेच तर ज्याला खरंच शिक्षक लागतो त्यासाठी द्यावेत ना. अनुदानित कॉलेजात पण एक दुखणं आहे, शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि बरेच शिक्षक तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर) आहेत, वर्षाच्या मध्येच सोडून जातात. त्यामुळे नावावर जाऊ नका, डिपार्टमेंटमध्ये कायमचे किती आहेत ते विचारा.

आयआयटी बॉम्बेला मॅथ्सचा चार वर्षांचा बीएस आहे, जेईई ॲडव्हान्स्डमधून. ट्युशन फी वर्षाला दोन लाख, होस्टेल वेगळं, पण एससी, एसटी आणि १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना ट्युशन फी पूर्ण माफ, १ ते ५ लाखांना दोन-तृतीयांश माफ. मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, त्यात तुलना करण्यासारखं काही नाही. कोलकात्याच्या आयएसआयचं (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) पण तेच, आजवर तिथे बीस्टॅटला, म्हणजे स्टॅट्सच्या डिग्रीला, ट्युशन फी न घेता उलट स्टायपेंड देत आलेत, फक्त एंट्रन्स अवघड आहे. आणि कलिना कॅम्पसमध्येच सीईबीएस नावाची संस्था आहे, मुंबई युनिव्हर्सिटी आणि अणुऊर्जा विभागाची मिळून, नेस्ट परीक्षा देऊन पाच वर्षांची इंटिग्रेटेड एमएस्सी करता येते, मॅथ्समध्ये पण, आणि पात्र मुलांना वर्षाला ६० हजार स्कॉलरशिप. सांताक्रूझला उतरून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ असून मुंबईतल्या कितीतरी घरांत हे नावसुद्धा माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण बारावीला हे हुकलं तरी दार बंद होत नाही. तीन वर्षांची तीसेक हजार फी भरून लोकल कॉलेजातून बीएस्सी करून जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीची एंट्रन्स) द्यायची आणि एमएस्सीला पवईला आयआयटीत जायचं, तेच प्रोफेसर, तीच लायब्ररी. माझ्या बॅचमधून दोघी गेल्या.

करिअरचं खरं सांगायचं तर नुसत्या बीएस्सी मॅथ्सवर पहिली नोकरी फार भारी मिळत नाही. ॲनालिटिक्समधलं ज्युनिअर काम नाहीतर बँकेच्या परीक्षा. किंमत येते ती पुढच्या दोन-पाच वर्षांत तुम्ही काय करता त्याने, म्हणून फीपेक्षा ती वर्षं मोजायला हवीत, घरातलं कोणी ती मोजतच नाही.

शिक्षक व्हायचं असेल तर तीन वर्षं बीएस्सी, दोन वर्षं बीएड, मग टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी), टेट झाली की पवित्र पोर्टलवरून, म्हणजे सरकारच्या शिक्षक भरतीच्या साइटवरून, भरतीची वाट बघायची, आणि लागलात तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून माध्यमिकला महिना १८ हजार. म्हणजे पूर्ण पगार हातात यायला बारावीनंतर निदान आठ वर्षं. ज्यांना शिकवायला आवडतं त्यांनी जरूर जावं, मॅथ्सचे चांगले शिक्षक खूप कमी आहेत, पण ही आठ वर्षं घरच्यांना आधीच सांगून ठेवा. कॉलेजात शिकवायचं तर एमएस्सी प्लस नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि त्यानंतरही पुष्कळ जण तासिकेवरच अडकलेत.

एमसीए, म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सची मास्टर्स, हा सगळ्यात सरळ रस्ता, दोन वर्षं, सीईटी देऊन. व्हीजेटीआयसारखं कॉलेज मिळालं तर आयटीत इंजिनिअरच्या शेजारीच बसता.

ॲक्च्युरीचं मी जास्त सांगू शकते. इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया परीक्षा घेतं, एसेट नावाची एंट्रन्स बारावीनंतर लगेच देता येते, पुढे फेलो व्हायला एकूण १३ पेपर. प्रत्येक पेपरची फी आहे, एक नापास झाला की ती फी पुन्हा भरावी लागते, आणि नापास होतातच, मी सीएस२ नावाचा पेपर दोनदा दिलाय. पण दोन-तीन पेपर सुटले की कंपन्या घेतात, आणि बऱ्याच ठिकाणी पुढचे पेपर सुटले की पगार वाढतो, परीक्षेसाठी रजा मिळते. बऱ्याच मोठ्या इन्शुरन्स कंपन्यांची ऑफिसं मुंबईतच, त्यामुळे राहायचा खर्च नाही. वेळ मात्र लागतो, सहा ते दहा वर्षं धरून चाला. सेल्फ-फायनान्स कोर्सवर जे दीड-दोन लाख जादा जातात त्यात यातले कितीतरी पेपर होतात, हे मी भाचीच्या आईला वहीत मांडून दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा गप्प झाली.

आणि एक गोष्ट प्लीज लक्षात ठेवा, स्टॅट्स सोडू नका. यूपीएससीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसला डिग्रीत स्टॅटिस्टिक्स हा विषय असावा लागतो, नुसत्या मॅथ्सच्या बीएस्सीवर अर्जच करता येत नाही. आता नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर (मुख्य विषय आणि जोडविषय) आलंय, तर मेजर मॅथ्स, मायनर स्टॅट्स मिळत असेल तिथे जा, भले कॉलेजचं नाव थोडं कमी असलं तरी चालेल. मी एफवायला स्टॅट्सऐवजी फिजिक्स धरलं होतं, कारण मैत्रिणींनी धरलं होतं, आणि नंतर ॲक्च्युरीच्या पहिल्या पेपरला सगळं मुळापासून करावं लागलं, पूर्ण वर्ष गेलं त्यात.

भाचीने तूर्त तीन अनुदानित कॉलेजं काढलीत, नेस्ट आणि एसेट दोन्हीची तयारी करणार म्हणते. येत्या शनिवारी आम्ही दोघी माटुंगा आणि पार्ल्याला जाणार आहोत, ऑफिसच्या खिडकीवर नाही तर थेट डिपार्टमेंटमध्ये, तिथे विचारायचंय की स्टॅट्स मायनर शिकवायला कायमच्या मॅडम आहेत का आणि टीवायपर्यंत मॅथ्सच्या वर्गात किती मुलं टिकतात.