आयकराचा रिफंड किती येईल? हाताने मांडावं, पोर्टलवर बघावं की सीएला विचारावं?

कराची आकडेमोड कुठेही केली तरी जवळपास सारखीच निघते. रिफंडचा अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा विसरलेल्या उत्पन्नामुळे. म्हणून मार्ग निवडताना मी एकच बघतो: यातला कोणता आपल्याला विसरलेलं उत्पन्न दाखवून देतो?

आर्थिक वर्ष २०२५-२६ चं उदाहरण घेऊ. पगार १४,५०,००० रुपये, नवी करप्रणाली (दर कमी, पण वजावटी मोजक्याच). ७५,००० ची प्रमाणित वजावट गेल्यावर उरतात १३,७५,०००. त्यावर उपकरासह कर होतो ८९,७०० आणि कंपनीने तेवढाच कापलेला आहे. शिवाय मुदत ठेवींचं १,२०,००० व्याज आलं, त्यावर बँकेने १० टक्के म्हणजे १२,००० कापले. कंपनीने पूर्ण कर भरलाय, मग बँकेचे १२,००० परत येणार, असं वाटणं साहजिक आहे. पण ते व्याज उत्पन्नात मिळवलं की १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये बसतं आणि एकूण कर १,०८,४२० होतो. कापले गेलेत १,०१,७००. म्हणजे रिफंड तर नाहीच, उलट ६,७२० भरायचे आहेत.

कागदावर किंवा एक्सेलमध्ये मांडण्याचा फायदा हा की प्रत्येक आकडा कुठून आला ते कळतं. तोटाही तिथेच, जे आठवेल तेवढंच त्यात येतं. बचत खात्याचं व्याज, लाभांश, मध्येच बदललेल्या नोकरीचा पहिला पगार हे हमखास राहून जातं. पण मार्च-एप्रिलमध्ये अंदाज हवा असेल तर याला फारसा पर्याय नाही. शेवटच्या तिमाहीचं टीडीएस (म्हणजे आधीच कापलेल्या कराचं) विवरण भरायची मुदत ३१ मे असते, त्यामुळे २६एएस (तुमच्या नावे जमा झालेल्या कराची नोंद) तोवर अर्धवटच असू शकतं.

आयकर पोर्टलवरचा कॅल्क्युलेटर लॉगिन न करता वापरता येतो आणि जुन्या-नव्या प्रणालीतला कर शेजारी शेजारी दाखवतो. स्लॅब पाठ नसले तरी चालतं. मात्र त्याला तुमच्याबद्दल काहीच माहीत नसतं. वरच्या उदाहरणात व्याजाचा रकाना रिकामा ठेवला तर तोही मुकाट्याने चुकीचं उत्तर देईल. प्रणाली निवडायला उत्तम, रिफंडसाठी अपुरा.

प्रणालीचं निघालंच आहे तर, ‘जुनी घेतली की रिफंड येतो’ हा समज अजून टिकून आहे. याच माणसाने कलम ८०सी खालच्या बचतीचे (पीएफ, आयुर्विमा वगैरे) दीड लाख, घरकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, आरोग्य विम्याचे २५,००० आणि ५०,००० ची प्रमाणित वजावट धरली तरी जुन्या प्रणालीत कर १,६२,२४० होतो. नव्याशी बरोबरी साधायला एकूण वजावट सहा लाख ११ हजारांच्या आसपास लागेल. मोठा घरभाडे भत्ता असेल तरच हे गणित जमण्याची शक्यता.

माझं मत पोर्टलवरच्याच दुसऱ्या सोयीला: जूनच्या मध्यानंतर लॉगिन करून विभागाने आकडे भरून ठेवलेलं विवरणपत्र उघडा आणि एआयएस (वार्षिक माहिती विवरण) व २६एएस शेजारी ठेवा. तोवर फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला) ही हातात आलेला असतो. विसरलेलं व्याज इथेच सापडतं. अर्थात एआयएसमध्येही चुका असतात. एकच व्यवहार दोनदा दिसतो, संयुक्त ठेवीचं सगळं व्याज एकाच्याच नावावर येतं. डोळे मिटून मान्य करू नका, चुकीच्या नोंदीवर तिथेच अभिप्राय देता येतो.

सीएकडे कधी जावं? शेअर विकले असतील, घर विकलं असेल, परदेशातून उत्पन्न असेल तर नक्की. १२ लाखांपर्यंत कर नाही असं ऐकून निवांत बसलेल्यांनी शेअरचा अल्पकालीन नफा असेल तर जरूर जावं, कारण विशेष दराने लागणाऱ्या त्या करावर नव्या प्रणालीतली ८७ए ची सवलत (१२ लाखांपर्यंतचा कर शून्य करणारी) चालत नाही. उलट फक्त पगार आणि ठेवी असतील तर फी देऊन अंदाज घेण्यात अर्थ नाही.

कलम ४४एडीए (हिशेब न मांडता निम्मी फी उत्पन्न धरण्याची सोय) खाली येणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकांचं गणित तर कागदावरही सुटतं. समजा ९,००,००० फी मिळाली आणि ९०,००० टीडीएस गेला. निम्मी रक्कम उत्पन्न धरली तर ४,५०,००० वर सवलतीनंतर कर शून्य. दुसरं उत्पन्न नसेल तर सगळे ९०,००० परत.

अंदाज बरोबर निघूनही खात्यात कमी जमा होऊ शकतात, कारण जुन्या वर्षाची थकबाकी विभाग रिफंडमधून वळती करून घेतो. पोर्टलवर प्रलंबित मागणी दिसते का, हे आधी बघा. आणि अंदाजापेक्षा थोडे जास्त आले तर ते दरमहा अर्ध्या टक्क्याने मिळालेलं व्याज असू शकतं, जे पुढच्या वर्षी उत्पन्नात दाखवावं लागतं.