इम्प्लांटचा पृष्ठभाग: जास्तीचे पैसे कधी मोजायचे?

दाताच्या इम्प्लांटच्या, म्हणजे नवा दात पेलण्यासाठी जबड्याच्या हाडात बसवायच्या स्क्रूच्या, कोटेशनमध्ये 'एसएलए' आणि 'हायड्रोफिलिक' असे दोन दर दिसतात. धातू दोन्हीकडे टायटॅनियमच किंवा त्याचा मिश्रधातू. फरक असतो तो वरच्या पातळ थराचा.

आधुनिक इम्प्लांटचे जनक मानले जाणारे संशोधक ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये स्वीडनमध्ये पहिल्या रुग्णाला बसवलेले स्क्रू लेथवर कातलेले, जवळजवळ गुळगुळीत होते. हाड त्यांनाही धरतं, पण सावकाश. खालच्या जबड्यात ३ महिने, वरच्यात ६ महिने थांबावं लागे, आणि वरच्या दाढांकडच्या मऊ हाडात ते जास्त निकामी होत.

एसएलएमध्ये स्क्रूवर खरखरीत कणांचा मारा करून तो आम्लात बुडवतात. मोठे खड्डे पडतात आणि खड्ड्यांच्या आत बारीक खळगे. रक्ताच्या गुठळीचे धागे त्यांत अडकून राहतात, त्यांच्यावरून हाडपेशी थेट स्क्रूपर्यंत पोचतात आणि तिथेच हाड घालू लागतात. गुळगुळीत स्क्रूवर गुठळी आकसली की धागे सुटतात, मग हाडाला छिद्राच्या भिंतीकडून सरकत यावं लागतं. चांगल्या हाडात एसएलएला साधारण ६ ते ८ आठवडे पुरतात.

हायड्रोफिलिक म्हणजे तोच खडबडीतपणा, पण हवा न लागू देता धुऊन सलाइनमध्ये बंद केलेला. हवेतले कार्बनी कण बसले की टायटॅनियम पाणी झटकू लागतं. कोरड्या एसएलएवर रक्ताचा थेंब गोल राहतो. ओल्यावर तो आट्यांमधून वर चढतो. इथे ३-४ आठवड्यांत दात बसवता येऊ शकतो. डबी उघडून स्क्रू बाहेर ठेवला आणि तो वाळला, तर मात्र दिलेले पैसे तिथेच गेले.

खरा धोका २ ते ४ आठवड्यांचा. स्क्रूला घट्ट धरणारं जुनं हाड झिजत असतं, नवं अजून पुरेसं आलेलं नसतं. ओला पृष्ठभाग ही दरी उथळ करतो, बुजवत नाही.

म्हणून हाड घट्ट असेल आणि दोन-तीन महिने थांबायची तयारी असेल तर साधा एसएलए घ्या. मऊ हाड, हाडाची भर घातलेली जागा किंवा लवकर दात हवा असेल, तर जास्तीचे पैसे रास्त आहेत. आधी हिरड्यांचा आजार झालेला असेल तर वरची कड गुळगुळीत आहे का ते विचारा: खडबडीत भाग हाडाबाहेर उघडा पडला की त्यावर जंतूंचा थर बसतो आणि तो नीट खरवडून निघत नाही. प्लाझ्माने (अतितप्त वायूच्या झोताने) फवारलेला हायड्रॉक्सीॲपेटाइटचा, म्हणजे हाडातल्यासारख्या खनिजाचा, जाड थर आम्ही सुचवणार नाही. तो सुटून येण्याच्या तक्रारी जुन्या आहेत.

आणि ड्रिल करताना पाणी कमी पडून हाड मिनिटभर ४७ अंशांपर्यंत तापलं, तर कुठलाही पृष्ठभाग ते वाचवत नाही.