ग्लॉक १९ की सिग पी३६५: बाळगायला आणि घरासाठी एकच पिस्तूल घ्यायचं तर

परवाना आहे, पिस्तूल एकच घ्यायचं आहे आणि तेच दिवसा कपड्यांखाली बाळगून रात्री घरच्या संरक्षणासाठीही ठेवायचं आहे, तर या दोघांपैकी कोणतं घ्यावं? माझा कौल ग्लॉक १९ ला आहे, पण एका मोठ्या अटीवर.

ग्लॉक १९ हे १९८८ पासूनचं, सिग सॉअरचं पी३६५ हे २०१८ मधलं. काडतूस दोघांचं तेच, ९×१९ मिमी. नेहमीच्या मॅगझिनमध्ये (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत) ग्लॉकला १५, सिगला १० काडतुसं बसतात. रिकाम्या मॅगझिनसह वजन ग्लॉकचं सुमारे ६७० ग्रॅम, सिगचं सुमारे ५००.

लपवण्यात सिग सरळ पुढे आहे. लोक नळीची लांबी बघतात, पण नळी कमरपट्ट्याच्या आत जाते. खरा घोळ मुठीचा. खाली वाकलात की मुठीचं टोक शर्टातून वर येतं, आणि सिगची उंची जवळपास २ सेंटिमीटरनं कमी आहे. पातळ कपड्यांत एवढा फरक पुरतो.

याची किंमत गोळी झाडताना मोजावी लागते. मूठ आखूड असल्यानं मोठ्या हाताची करंगळी खाली लोंबकळते. काडतूस तेच आणि पिस्तूल हलकं, म्हणून झटका जास्त लागतो. पहिली गोळी दोघांतूनही नेमकी जाते. पुढच्या गोळ्यांना नेम पुन्हा जागेवर आणायला सिगमध्ये जास्त कष्ट पडतात. सराव कमी असलेल्याला तर हे फारच जाणवतं.

घरात लपवायचं काहीच नसतं, त्यामुळे लहान आकाराचा फायदा तिथे संपतो. ग्लॉकच्या नळीखालच्या पट्टीवर बसणारे दिवे भरपूर मिळतात. सिगची पट्टी वेगळी असल्यानं पर्याय कमी. तरी अंधारात शोधायला हातातली टॉर्च वेगळी ठेवाच. पिस्तुलावरच्या दिव्यानं चाचपडलं की दिव्याबरोबर नळीही वळते, आणि समोर घरातलंच माणूस असू शकतं. चुकलेली गोळी पातळ भिंतीतून पलीकडे जाते, म्हणून कोणत्या दिशेला झाडायची नाही हेही खोल्यांची रचना पाहून आधीच ठरवून ठेवावं.

साफसफाईत मला सिग आवडतं. ग्लॉक खोलताना चाप ओढावा लागतो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, काडतूस राहिलं असेल तर ते तिथेच उडतं. म्हणून आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे धरून चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटानंही चाचपा. सिगला चाप ओढायची गरज नाही, पण ही तपासणी तिथेही तशीच करायची. हातानं लावायचा सेफ्टी खटका हवा असेल तर पी३६५ तसंही मिळतं. होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) मात्र दोन्हींना चाप पूर्ण झाकणारंच हवं. अंगावर नसेल तेव्हा पिस्तूल चटकन उघडणाऱ्या कुलूपबंद पेटीत ठेवायचं. उशीखाली किंवा ड्रॉवरमध्ये कधीच नाही, मूल घरात पाहुणं आलेलं असलं तरी.

आता ती अट. तुमची अंगकाठी किंवा रोजचे कपडे असे असतील की ग्लॉक जड वाटून घरीच राहील, तर सिग घ्या आणि जास्त सराव करा. दुकानात नुसती मूठ धरून ठरवू नका. नेमबाजीच्या रेंजवर दोन्ही भाड्यानं घेऊन लागोपाठ पाच-पाच गोळ्या झाडा आणि शेवटच्या दोन गोळ्यांची भोकं कुठे पडली ते बघा.