तुळशीबागेतल्या सुया आणि लोकर: विणकाम गटासाठी काय घ्यावे, काय टाळावे

तुळशीबाग, लक्ष्मी रोड आणि रविवार पेठेत मिळणाऱ्या साध्या सुया आणि साधी ॲक्रिलिक लोकर पुण्यातल्या विणकाम गटांच्या बहुतेक कामांना पुरेशी चांगली आहे. महागडा माल लागत नाही. अट एवढीच की सुई मिलिमीटर बघून घ्यायची आणि लोकर लेबल वाचून. दुकानदार सांगतो तो नंबर आणि हाताला लागणारा मऊपणा, या दोन गोष्टींवर खरेदी झाली की गटाचे काम फसते.

एकट्याने विणताना टोपडे थोडे सैल झाले तर चालते. गटात तसे होत नाही. बाळंतविडा सहा-सात जणी मिळून विणतात: एकीकडे टोपडे, दुसरीकडे कुंची, कोणाकडे मोजे, कोणाकडे स्वेटर. सगळ्या वस्तू एकाच बाळाच्या अंगावर बसायच्या असतात. तिथे प्रत्येकीची ‘आठ नंबर’ वेगळी निघाली तर संच जुळत नाही.

म्हणून आधी नंबरांचे बघू. आपल्याकडे दुकानांत जुनी ब्रिटिश पद्धत चालते. तिच्यात नंबर वाढेल तशी सुई बारीक होते: ६ नंबर म्हणजे ५ मिमी, ८ म्हणजे ४, ९ म्हणजे ३.७५, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३ आणि १२ म्हणजे २.७५ मिमी. अमेरिकी पद्धत नेमकी उलटी आहे, तिथे नंबराबरोबर जाडी वाढते. अमेरिकी ८ नंबर ५ मिमी असते आणि १० नंबर ६ मिमी. यूट्यूबवरचे बरेच नमुने अमेरिकी असतात. त्यातले ‘साइझ ८’ ऐकून तुळशीबागेत ८ नंबर मागितली की ५ ऐवजी ४ मिमीची सुई हातात येते. दोन्ही पद्धती जुळतात त्या फक्त ७ नंबरला, तिथे दोन्हीकडे ४.५ मिमी. योगायोगाने ज्यांची पहिली सुई सातची असते त्यांचा गोंधळ आणखी लांबतो, कारण पहिले काम बरोबर येते आणि दुसरे बिघडते.

पोनी आणि निटप्रो या दोन्ही भारतीय कंपन्यांच्या सुयांवर मिमी दिलेले असते, त्यामुळे गटासाठी त्याच घ्याव्यात असे आमचे मत आहे. सुट्ट्या, बिनछापाच्या सुया स्वस्त पडतात, पण त्यांची जाडी तपासल्याशिवाय घेऊ नका. त्यासाठी भोके पाडलेली मापाची पट्टी मिळते. ती गटात एक असली तरी पुरते. घरातून आलेल्या जुन्या सुया आधी तिच्यातून घालून बघा. सुई भोकातून घट्टही नाही आणि खुळखुळतही नाही, असे झाले तर तेच तिचे माप. जुन्या ॲल्युमिनियमच्या सुयांचे टोक खरखरीत झाले असेल तर लोकरीचे धागे फाटतात. बारीक पॉलिश पेपरने टोक घासले तर सुई परत वापरता येते. वाकलेली सुई मात्र काढून टाका. ती सरळ करायला गेले की मधेच मोडते.

ॲल्युमिनियम, प्लास्टिक की बांबू? ॲल्युमिनियमवर टाके भराभर सरकतात, त्यामुळे सवयीच्या हाताला ती आवडते. नवशिक्यांचे टाके तिच्यावरून गळतात, त्यांना बांबू बरा. बांबूची अडचण पावसाळ्यात येते. दमट हवेत सुई किंचित चिकट होते आणि सुती धागा तिच्यावर अडतो. मेणकागदाने पुसली की सुधारते. प्लास्टिकच्या जाड सुया हलक्या असतात, पण ४ मिमीच्या आतल्या प्लास्टिक सुया लवचिक निघतात आणि घट्ट विणणाऱ्यांच्या हातात वाकतात. बागेत किंवा बाकावर शेजारी शेजारी बसून विणायचे असेल तर ३५ सेंटीमीटरच्या सरळ सुयांपेक्षा केबलने जोडलेल्या गोल सुया सोयीच्या. शेजारणीच्या कोपराला टोचत नाहीत, आणि एक सुई निसटून बाकाखाली गेली असेही होत नाही. सार्वजनिक ठिकाणी बसून विणण्याचा जागतिक दिवस २००५ पासून जूनच्या दुसऱ्या शनिवारच्या सुमारास पाळतात. पुण्यात त्याच दिवसांत पाऊस दाराशी असतो, तेव्हा छपराखालची जागा धरावी आणि सुती काम घरी ठेवावे.

गोल सुईच्या लांबीत फार लोक फसतात. नवजात बाळाचे टोपडे ३२-३३ सेंमी घेराचे असते. त्याचे टाके ४० सेंमीच्या गोल सुईवर ताणल्याशिवाय पुरत नाहीत. त्यासाठी दोन्हीकडे टोक असलेल्या पाच सुयांचा संच किंवा ८० ते १०० सेंमी केबलची सुई लागते. लांब केबलवर टाके दोन भागांत वाटतात आणि मधली केबल फासासारखी बाहेर काढून विणतात. आम्ही गटासाठी ही दुसरी पद्धत सुचवू. एकच सुई विकत घेतली की टोपडे, मोजे, बाही सगळे तिच्यावर होते, आणि पाच सुयांतली एक हरवली म्हणून काम अडत नाही.

आता लोकर. या बाजारात ‘लोकर’ म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे ॲक्रिलिक असते. वर्धमान, ओसवाल, गंगा ही लुधियानाची नावे सगळीकडे दिसतात. बाळाच्या वस्तूंसाठी हा माल व्यवहारी आहे: धुता येतो, रंग भरपूर, कसर लागत नाही. पण तो घाम शोषत नाही. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० ते १२ अंश आणि दुपारी तीसच्या जवळ असे हवामान असते. पहाटे हेच टोपडे उबदार वाटते, दुपारी बाळाचे डोके ओले होते. म्हणून बाळंतविड्यात एक ॲक्रिलिकचे आणि एक सुती, अशी दोन टोपडी असावीत. सुताला लवचिकता नसते, त्यामुळे त्याची बॉर्डर दोन-तीन धुण्यांत सैल पडते. सुती टोपड्याला पुढे दिलेल्या मापापेक्षा ८ टाके कमी घाला आणि बॉर्डर एका नंबरने बारीक सुईवर विणा.

लेबलवर ‘४ प्लाय’ लिहिले म्हणजे धागा बारीक, असे धरू नका. प्लाय म्हणजे किती पदर पिळले आहेत ते, जाडी त्यावरून कळत नाही. वजनाला किती लांबी मिळते ते बघा. १०० ग्रॅमला २०० ते २४० मीटर असेल तर तो मध्यम जाडीचा, ४ मिमी सुईचा धागा. ३५० ते ४२० मीटर असेल तर बारीक, ३ ते ३.२५ मिमीचा. लांबी लिहिलेली नसेल तर धागा पट्टीवर न ताणता जवळजवळ गुंडाळा. अडीच सेंटीमीटरमध्ये ११ ते १४ वेढे बसले तर तो मध्यम धागा.

लेबल नसलेली लडी घ्यायची वेळ आली तर जाळून बघता येते. पाच सेंटीमीटरचा तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास देते, ज्योत काढली की विझते आणि तिची राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिक वितळते आणि काळा कडक मणी उरतो. सूत कागदासारखे जळते, राख करडी आणि हलकी. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकत्र दिसतात.

रंगाचा लॉट, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला माल, हा गटाच्या खरेदीतला सर्वात महाग पडणारा दुर्लक्षित मुद्दा आहे. शेड नंबर तोच असला तरी लॉट बदलला की पांढऱ्यात आणि फिक्या गुलाबीत फरक दिसतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो कळत नाही. दोन गुंडे दाराबाहेर उजेडात धरून बघा. शनिवार-रविवारच्या गर्दीत हे जमत नाही, तेव्हा गटाची खरेदी आठवड्यातल्या सकाळी उरका. सगळा माल एकदम घ्या. कमी पडून वेगळा लॉट आणावाच लागला तर दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या असे विणत गेले की जोड लपतो.

टोपड्याचे माप असे बसते. ४ मिमीच्या सुईवर मध्यम धाग्याचे १० सेंमीत २२ टाके आणि ३० ओळी यायला हव्यात. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३६ सेंमी असतो आणि टोपडे त्यापेक्षा किंचित लहान हवे. ७२ टाके घातले की घेर ३२.७ सेंमी होतो. हेच ७२ टाके ५ मिमीवर १८ च्या गेजने (म्हणजे १० सेंमीत १८ टाके) विणले तर घेर ४० सेंमी होतो, टोपडे डोळ्यांवर येते. ३.२५ मिमीवर २६ चा गेज आला तर २७.७ सेंमी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे. टाके तेच, नमुना तोच, आणि तीन वस्तू वेगळ्या. नंबरांच्या गोंधळाची किंमत ही एवढी आहे. म्हणून प्रत्येकीने आधी १२ सेंमीचा चौकोन विणून, धुवून, वाळवून मधल्या १० सेंमीतले टाके मोजावेत. २२ पेक्षा जास्त आले तर सुई एक माप जाड घ्या, कमी आले तर बारीक. हात सैल-घट्ट करून गेज जुळवायला जाऊ नका. गप्पा सुरू झाल्या की हात मूळ सवयीवर येतो.

७२ टाके सैल घाला. कडा घट्ट झाली तर बाळाच्या कपाळावर वळ उठतो. टाके घालताना दोन सुया एकत्र धरल्या की कडा आपोआप सैल होते. ती ताणून ३८ सेंमीपर्यंत गेली पाहिजे. ३.२५ मिमीवर दोन सुलट, दोन उलट अशी अडीच सेंमी बॉर्डर, मग ४ मिमीवर सगळे सुलट, कडेपासून साडेनऊ सेंमी होईपर्यंत. मग ७ सुलट आणि २ टाके एकत्र, असे आठ वेळा: ६४ टाके राहतात. एक फेरी साधी. पुढे ६ सुलट आणि २ एकत्र, पुन्हा एक साधी, असे उतरत ८ टाक्यांपर्यंत या. बोथट सुईने धागा त्या आठांतून दोनदा ओवून आत बांधा. एकूण उंची १४ ते १५ सेंमी आणि लोकर २० ते २५ ग्रॅम लागते. दोन सरळ सुयांवर करायचे तर शिवणीसाठी ७४ टाके घाला. गोल विणताना दोन भागांच्या सांध्यावर टाक्यांची शिडी दिसते. बहुतेक जणी सांध्यानंतरचा पहिला टाका ओढतात, ओढायचा असतो तो दुसरा.

बाळाच्या वस्तूंना गोंडा, मणी, सुटे बटण नको. मोज्यांच्या आत उलट बाजूला लांब आडवे धागे सोडू नका, त्यात पायाची बोटे अडकतात. जाळीचे नमुने मोज्यांना याच कारणाने टाळावेत.

चौकोन जोडून केलेले पांघरूण हा गटांचा दुसरा आवडता उद्योग, आणि तो नेहमी एकाच जागी फसतो: ‘४४ टाके घाला’ असे सांगितल्यावर कोणाचा चौकोन १८ सेंमीचा येतो, कोणाचा २३ चा. यावर चांगला उपाय आहे. चौकोन कोपऱ्यापासून तिरका विणा. ३ टाक्यांनी सुरुवात, सगळ्या ओळी सुलट, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवत जा. कडेची बाजू मोजून २० सेंमी झाली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका कमी करत ३ वर या. इथे टाके मोजायचे नसतात, कड मोजायची असते, त्यामुळे सैल आणि घट्ट हातांचे चौकोन एकाच मापाचे निघतात. पाच बाय सहा असे ३० चौकोन जोडले की १०० बाय १२० सेंमीचे पांघरूण होते. मध्यम धागा ७०० ग्रॅमच्या आसपास लागतो, काठ आणि जोडणी धरून ८०० घ्या.

ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका, वाफही नको. उष्णतेने धागा लुळा पडतो आणि तो परत पूर्ववत होत नाही. ओले करून, टाचण्या लावून पंख्याखाली वाळवा. खऱ्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणे वर्ज्य, ती आटून नमद्यासारखी होते. ठेवणीत टाकण्यापूर्वी ती धुतलेली हवी, कारण कसर घामाच्या आणि तेलाच्या डागांवर आधी येते.

साठ-सत्तर वस्तूंचे ऑनलाइन विणकाम संच घेऊ नका. त्यातल्या निम्म्या सुयांची मापे पुण्यात मिळणाऱ्या लोकरीला लागतच नाहीत आणि केबलचे सांधे खडबडीत असल्याने टाके अडतात. त्याऐवजी गटाच्या पिशवीत ३.२५, ३.७५ आणि ४ मिमीच्या ८० सेंमी केबलच्या सुया, मापाची पट्टी, बोथट टोकाच्या सुया, टाक्यांच्या खुणा आणि गळलेला टाका उचलायला एक क्रोशाची सुई ठेवा. नव्या सुईची केबल वेटोळी राहात असेल तर अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवून सरळ धरा.