घोरणे आणि स्लीप ॲप्नियासाठी डिजेरिडू : दीर्घ वापरानंतरचा अभिप्राय

झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारावरचा, म्हणजे स्लीप ॲप्नियावरचा, नैसर्गिक उपाय म्हणून ऑनलाइन विकली जाणारी ॲक्रिलिकची डिजेरिडू, म्हणजे ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या लांब नळीसारख्या फुंकवाद्याची प्लॅस्टिकची आवृत्ती, मी बराच काळ नियमाने वाजवत आहे. नळी उत्तम आहे आणि तिच्यामागचा विचारही पक्का आहे. मात्र सोबतच्या माहितीपत्रकात ‘सीपॅप यंत्रापासून’ (झोपेत मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्रापासून) ‘कायमची सुटका’ असे जे छापले आहे ते चुकीचे आणि धोक्याचे आहे, आणि वाजवायचे कसे हे त्यात धड सांगितलेलेच नाही.

या विकारात झोपेत जीभ, मऊ टाळू आणि घशाचे स्नायू इतके सैल पडतात की श्वासमार्ग पुनःपुन्हा बंद होतो, रक्तातील ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला किंचित जागे करून श्वास पुन्हा सुरू करतो. रात्रभर हेच चालल्यामुळे दिवसा डोळे मिटू लागतात. डिजेरिडू वाजवताना ओठ थरथरवत, जीभ, गाल आणि घसा ताब्यात ठेवून श्वास न तोडता फुंकावे लागते, म्हणजे रात्री सैल पडणाऱ्या भागांनाच व्यायाम मिळतो. हे केवळ तर्कावर सोडलेले नाही. स्वित्झर्लंडमध्ये तासाला १५ ते ३० वेळा श्वास अडखळणाऱ्या, म्हणजे मध्यम विकाराच्या, २५ जणांवर चाचणी झाली आणि ती २००५ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील ज्या गटाने चार महिने, आठवड्यातील जवळजवळ सहा दिवस, रोज सुमारे २५ मिनिटे सराव केला, त्यांची दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली, शेजारी झोपणाऱ्यांचा त्रास घटला आणि श्वास अडखळण्याचे प्रमाण न वाजवणाऱ्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत तासाला सुमारे सहाने खाली आले. या संशोधकांना २०१७ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिला जाणारा गमतीदार पुरस्कार, मिळाला, म्हणून अनेकजण हा विषय थट्टेवारी नेतात. पण चाचणी लहान असली तरी रीतसर होती आणि आमच्यासारख्या रुग्णांना तिचे मोल आहे.

आता वस्तूविषयी. नळी साधारण सव्वाचार फूट लांब, वजनाने हलकी आणि आतून गुळगुळीत असल्यामुळे कोमट पाण्याने सहज धुता येते. लाळ आणि वाफ आत साचत असल्याने ते रोजच करावे लागते. तोंडाकडच्या कडेला मेणाचे वेटोळे आहे आणि खरी तक्रार त्याचीच आहे. सोलापूरचा एप्रिल-मे ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ते मेण मऊ पडून ओठांना आणि मिशीला चिकटते, आकार बिघडतो आणि कडेतून हवा निसटू लागते. उन्हाळ्यात नळी माठाजवळ सावलीत ठेवावी आणि सराव पहाटे करावा. आवाज खर्जातला असला तरी भिंतीतून पलीकडे जातो; दुसरे टोक घडी घातलेल्या जुन्या चादरीवर टेकवले की शेजाऱ्यांची हरकत राहत नाही, आणि जुन्या चादरींना आपल्या गावात तोटा नाही.

अखंड श्वासाची युक्ती मात्र माहितीपत्रकातून मला अजिबात जमली नाही. ती जमली आपल्याच सनईवाल्यांमुळे. सनईच्या जोडीत एकजण नुसता सूर धरून असतो आणि तो सूर मध्ये तुटत नाही. सोलापूर-अक्कलकोटकडे वाढलेल्या सुंदरीचे, म्हणजे सनईसारख्याच पण लहान वाद्याचे, वादकही याच दमावर वाजवतात. लग्नसराईत सनई वाजवणाऱ्या एका वयस्कर कलावंतांनी मला आधी पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉने बुडबुडे काढायला बसवले. “दम छातीत न्हाई सर, गालात साठवायचा. गालानं बाहेर ढकला अन् तेवढ्यात नाकानं आत घ्या, बुडबुडा थांबला न्हाई पायजे,” एवढ्याच सूचनेने जे साधले ते व्हिडिओ पाहून साधले नव्हते. तेव्हा नळी घेणाऱ्याने शिकवणीची तजवीज आधी करावी.

मग सनईच का शिकू नये, हा प्रश्न रास्त आहे. ‘ओबो’ आणि ‘बसून’ यांसारखी दुहेरी पत्तीची (दोन पात्यांच्या फटीतून फुंकायची) पाश्चात्त्य वाद्ये वाजवणाऱ्यांत या विकाराचा धोका कमी असल्याचे २०१२ च्या एका पाहणीत दिसले होते, आणि सनई-सुंदरीही त्याच जातीची वाद्ये आहेत, जरी ती पाहणी त्यांच्यावर झालेली नव्हती. उलट २००९ मध्ये वाद्यवृंदांतील वादकांच्या पाहणीत फुंकवाद्ये वाजवणारे आणि न वाजवणारे यांच्यात फरक आढळला नाही. म्हणून कोणतीही बासरी ओठाला लावली की घोरणे थांबेल, असे मी कोणाला सांगणार नाही. शिवाय सनईत सूर जुळवण्यातच वर्षे जातात. डिजेरिडूत एकच स्वर असल्यामुळे पन्नाशीतल्या माणसालाही व्यायामापुरते लवकर जमते.

माझे घोरणे उतरले असल्याचे घरचे सांगतात, आणि दुपारी कचेरीत येणारी पेंग बरीच कमी झाली आहे. याच काळात माझे वजनही थोडे घटले, त्यामुळे सगळे श्रेय नळीला देता येत नाही. दुसऱ्या झोपचाचणीत तासाला श्वास अडखळण्याचा आकडा खाली आला, तरी विकार मध्यमच निघाला. म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे सीपॅप रोज रात्री लावतो. ज्यांचा आकडा तासाला तिसाच्या वर आहे त्यांनी या नळीच्या भरवशावर यंत्र बाजूला ठेवू नये, आणि काचबिंदू किंवा हर्निया असणाऱ्यांनी जोराने फुंकण्याआधी डॉक्टरांना विचारावेच. सौम्य वा मध्यम विकार असलेल्या आणि रोज अर्धा तास काढू शकणाऱ्या माणसाने ॲक्रिलिकचीच नळी घ्यावी. लाकडी नळी दिसायला देखणी असते, पण आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तिला तडे जाण्याची भीती राहते. मेणाऐवजी रबरी तोंड लावून मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन तेच मागवावे.