ट्रक टर्मिनलवरचं मोफत एचआयव्ही क्लिनिक: काय मिळतं आणि काय मागून घ्यावं

कळंबोलीचं स्टील मार्केट, वाशीचा ट्रक टर्मिनल, निगडीचं ट्रान्सपोर्टनगर, भिवंडीची गोदामं. अशा ठिकाणी गाडी खाली झाली की पुढचं भाडं मिळेपर्यंत ड्रायव्हर आणि क्लीनर कधी काही तास, कधी दोन-तीन दिवस बसून असतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा (नॅको) लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांसाठीचा कार्यक्रम याच रिकाम्या वेळेवर उभा आहे. मालाची मोठी चढ-उतार होते अशा तळांवर स्वयंसेवी संस्थांमार्फत छोटं क्लिनिक, समुपदेशक, गाड्यांमधून फिरणारे कार्यकर्ते, ठरलेल्या वेळी येणारा डॉक्टर, मोफत निरोध आणि एचआयव्हीची प्राथमिक तपासणी अशी ही सेवा आहे. धावत्या गाडीला हात दाखवून आरोग्याचं बोलता येत नाही. नंबर लागायची वाट बघणारा माणूस मात्र ऐकतो. जागेची ही निवड या सेवेची सर्वांत जमेची बाजू.

गरज किती, तर २०१७ च्या राष्ट्रीय एचआयव्ही सर्वेक्षणात लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.८६ टक्के आढळलं. त्याच वर्षी देशातल्या प्रौढांसाठीचा अंदाज ०.२२ टक्के होता. म्हणजे शंभरातल्या नव्याण्णव चालकांना एचआयव्ही नाही, आणि तरीही प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या जवळपास चौपट आहे.

सेवा जोखायची तर आधी ड्रायव्हर धोका कसा मोजतो हे पाहायला हवं. असुरक्षित संबंध, दूषित सुई, रक्त आणि आईकडून बाळाला, हे चार मार्ग बहुतेकांना तोंडपाठ असतात. वर्षानुवर्षांच्या पोस्टरांनी आणि पथनाट्यांनी तेवढं काम केलं आहे. चूक पुढे होते, कारण धोका मोजला जातो तो माणूस पाहून. रस्त्याकडेला उभी असलेली अनोळखी बाई धोक्याची, म्हणून तिथे निरोध निघतो. दर फेरीला भेटणारी, नावानं ओळखणारी, ‘घरच्यासारखी’ झालेली बाई मात्र सुरक्षित धरली जाते. अंगानं भरलेली, तब्येतीनं चांगली दिसते, तिला काय होणार, असा हिशेब असतो. एचआयव्ही असलेला माणूस अनेक वर्षं पूर्ण ठणठणीत दिसू शकतो, हे ऐकलेलं असूनही ऐन वेळी आठवत नाही. पुरुषांमधले संबंध, कधी क्लीनरशीच आलेले, तर कित्येक जण ‘संबंध’ या हिशेबातच घेत नाहीत. प्रत्यक्षात गुदमार्गातून लागण होण्याची शक्यता जास्त असते. आणि गावी बायकोसोबत निरोध म्हणजे स्वतःहून संशय ओढवून घेणं.

इंजिनाजवळ बसून अंगात गरमी साठते आणि ती बाहेर काढावी लागते, ही समजूतही खोलवर आहे. संबंधानंतर सोडा, कोल्ड्रिंक किंवा डेटॉलनं धुतलं की झालं, असं मानणारेही भेटतात. त्याचा काही उपयोग नाही. विषाणू संबंधाच्या वेळीच नाजूक त्वचेतून आत गेलेला असतो, आणि जंतुनाशकानं ती त्वचा उलट सोलवटते.

या समजुती टिकतात त्याला गणितही कारण आहे. बाईकडून पुरुषाला एका संबंधातून लागण होण्याची शक्यता सरासरी हजारात एकाहून कमी धरली जाते. त्यामुळे दहा वेळा काही झालं नाही की माणसाचा स्वतःच्या हिशेबावर विश्वास बसतो. पण जननेंद्रियावर जखम असेल, किंवा समोरच्या व्यक्तीला नुकतीच लागण झालेली असेल आणि रक्तात विषाणूंचं प्रमाण भरपूर असेल, तर हीच शक्यता अनेक पटींनी वाढते. या दोन्ही गोष्टी चेहऱ्यावर दिसत नाहीत. चांगला समुपदेशक इथेच कळतो. तो चार मार्ग पुन्हा म्हणून दाखवत नाही. तो विचारतो, शेवटच्या वेळी निरोध का नव्हता? दारू होती, संपला होता, की तिच्यासोबत लागत नाही असं वाटलं? उत्तरानुसार पुढचं बोलणं ठरतं. फ्लिपचार्टची पानं उलटून सही घेणारा समुपदेशक भेटला, तर सेवेचा अर्धा फायदा तिथेच गेला असं समजा.

मोफत निरोधाच्या दर्जाबद्दल शंका नको. तो गाडीत कसा राहतो, ही खरी अडचण. लॅटेक्स रबराला उष्णता आणि ऊन सोसत नाही. डॅशबोर्डवर, काचेजवळ किंवा इंजिनाच्या बॉनेटवरच्या खणात ठेवलेलं पाकीट उन्हाळ्यात वाया जातं. पँटच्या मागच्या खिशातलं पैशांचं पाकीटही वाईट, कारण तासन्‌तास दाबून आणि घासून कडा झिजतात. आरसी आणि परमिट ठेवता त्या पिशवीत, झोपायच्या फळीच्या सावलीच्या कोपऱ्यात चार-पाचच ठेवा आणि पुढच्या तळावर नवे घ्या. वापरण्याआधी मुदतीची तारीख पाहा. पाकीट दाबल्यावर आतल्या हवेची फुगवटी जाणवली पाहिजे. सपाट लागलं तर ते फुटलेलं आहे. निरोध एका कडेला सरकवून दुसऱ्या कडेनं हातानं फाडा, दात लावू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, मुळापर्यंत उलगडा, आणि बाहेर काढताना कडा धरून ठेवा. खोबरेल, व्हॅसलीन, ग्रीस, कुठलंही तेल लावू नका. तेलानं लॅटेक्स मिनिटांत कमकुवत होतं. एकावर एक दोन घालणंही नको, घर्षणानं दोन्ही फाटतात. टर्मिनलवर पानटपरी, ढाबा, पंक्चरचं दुकान अशा ठिकाणी निरोध ठेवण्याची पद्धत उत्तम आहे, कारण क्लिनिक बंद झाल्यावरच गरज पडते.

गुप्तरोगांवरचा उपचार हा या क्लिनिकचा सर्वांत कमी वापरला जाणारा आणि सर्वांत मोलाचा भाग. रंगांनुसार ठरलेली औषधांची पाकिटं मोफत मिळतात. लघवीच्या जागेतून पू किंवा स्राव येत असेल तर राखाडी पाकीट: अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम, एकदाच. जननेंद्रियावरच्या न दुखणाऱ्या जखमेसाठी, म्हणजे बहुधा सिफिलिस या गुप्तरोगासाठी, पांढरं: बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन १ ग्रॅम. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास निळं. पाण्याच्या दुखऱ्या फोडांसाठी, म्हणजे नागिणीच्या जातीच्या हर्पिससाठी, लाल. हायवेवरच्या तंबूत ‘गुप्तरोगतज्ज्ञ’ जी पुडी देतो किंवा मेडिकलवाला तोंडी विचारून ज्या दोन कॅप्सूल देतो, त्यानं जखम भरल्यासारखी दिसते पण सिफिलिस आत राहतो. तो आपोआपही दिसेनासा होतो, म्हणून बरा झाल्याचा भ्रम होतो. क्लिनिकमध्ये पाकीट घेताना रक्ताची सिफिलिस तपासणी आठवणीनं मागा, आणि जोडीदारासाठीही औषध मागा. एकट्यानं घेतलं तर पुढच्या सुट्टीत तोच आजार परत येतो. इंजेक्शनपूर्वी अ‍ॅलर्जीबद्दल सांगा, नंतर अर्धा तास तिथेच बसा, लगेच स्टेअरिंगवर जाऊ नका.

एचआयव्ही तपासणी बोटाला सुई टोचून अर्ध्या तासाच्या आत होते. ही फक्त प्राथमिक चाचणी आहे. निकाल रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे एचआयव्हीची शक्यता दाखवणारा) आला तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात वेगवेगळ्या तीन चाचण्या होतात, त्यानंतरच निदान ठरतं. सेवेची सर्वांत मोठी गळती या दोन पायऱ्यांमध्ये आहे. केंद्र सकाळी उघडतं आणि गाडी रात्रीच भरून निघालेली असते. त्यामुळे पुढच्या तपासणीची चिठ्ठी त्याच शहराची घेऊन बसू नका. आपल्या मार्गावरच्या किंवा गावाजवळच्या केंद्राचं नाव लिहून मागा, कोणत्याही आयसीटीसीत तपासणी होते. निकाल निगेटिव्ह आला तरी गेल्या तीन महिन्यांत धोका घेतला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. निरोध फाटला असेल आणि ७२ तास झाले नसतील, तर लगेच सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना पीईपीबद्दल, म्हणजे धोका घडल्यानंतर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या औषधाबद्दल विचारा. हा २८ दिवसांचा औषधक्रम जितक्या लवकर सुरू होईल तितका उपयोगी. सरकारी सोय मुख्यतः आरोग्य कर्मचारी आणि लैंगिक अत्याचारातल्या पीडितांसाठी असल्यानं खासगी डॉक्टरांकडे जायची तयारी ठेवा. या औषधाबद्दल टर्मिनलवर फारच कमी बोललं जातं, ही या सेवेची ठळक उणीव आहे.

पॉझिटिव्ह निघाल्यास एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रात औषध आयुष्यभर मोफत मिळतं. २०१७ पासून सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) कितीही असो, उपचार लगेच सुरू होतात. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते: टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर. ड्रायव्हरांना लागू पडणारी एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. अ‍ॅसिडिटीची अँटासिड औषधं डोल्युटेग्राविरला शरीरात शोषू देत नाहीत. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्याचा डोस मर्यादित ठेवावा लागतो. दारू प्यायली म्हणून त्या दिवशीची गोळी टाळू नका. दारू पिण्यापेक्षा चुकलेली गोळी जास्त नुकसान करते. गोळी जेवणाशी बांधलेली नाही, त्यामुळे रोज ठरलेल्या वेळेचा मोबाईलवर गजर पुरे. तब्येत स्थिर झाल्यावर एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागा, आणि एआरटी पुस्तिका गाडीतच ठेवा. प्रवासात असताना दुसऱ्या राज्यातल्या केंद्रातही ती दाखवून औषध मिळण्याची सोय आहे. सहाव्या आणि बाराव्या महिन्यात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, तपासला जातो. तो न मोजता येण्याइतका खाली टिकून राहिला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे वाक्य प्रत्येक समुपदेशकानं पहिल्याच दिवशी सांगायला हवं, कारण घरी बायकोला सांगायचं धैर्य त्यातून येतं.

नोकरीची भीती हे तपासणी टाळण्याचं मोठं कारण असतं. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ नुसार नोकरी देण्यासाठी किंवा टिकवण्यासाठी मालक एचआयव्ही चाचणीची अट घालू शकत नाही. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल ट्रान्सपोर्ट मालकाला किंवा ब्रोकरला सांगता येत नाही. त्यामुळे मालकांनी तळावर शिबिर भरवताना चालकांची यादी आणि निकाल मागू नयेत. क्लिनिकनंही ते देऊ नयेत. कुठे तसं घडत असेल तर या कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. जवळचं केंद्र कुठे आणि ते कधी उघडं असतं हे विचारायला १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. गाडी कुठल्या हायवेवर, कुठल्या गावाजवळ आहे तेवढं सांगा, नाव सांगण्याची गरज नाही.