लिस्बनचा पास्तेल: दुकानात बसून खावा, डब्यात भरून आणू नये

अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड भरलेला हा तळहाताएवढा टार्ट लिस्बनच्या जवळजवळ प्रत्येक कॅफेत मिळतो. त्याचं नाव पास्तेल द नाता. पास्तेल द बेलें मात्र एकाच दुकानाचा, बेलें भागातल्या जेरोनिमुश मठाशेजारी १८३७ पासून चालू असलेल्या. १८३४ मध्ये पोर्तुगालमधले मठ बंद झाले आणि मठातली पाककृती या दुकानात आली. ती आजही गुप्त आहे.

फुटपाथवरची लांब रांग बहुतेक पार्सलची असते. ती पाहून परत फिरू नका. आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत आणि तिथे टेबल बरंच लवकर मिळतं. सकाळी नवाच्या आत गेलात तर उत्तमच. माणशी दोन मागवा, सोबत ‘बिका’, म्हणजे एस्प्रेसो. दालचिनीची पूड जरूर भुरभुरा. पिठीसाखरेची गरज नाही.

पास्तेल उलटा केला की तळाला वर्तुळं दिसतात. ही पारी आपल्या चिरोट्याच्या घराण्यातली: लोण्याचे थर दिलेल्या पिठाची घट्ट वळकटी, तिचे काप, आणि साच्यात ठेवलेला काप ओल्या अंगठ्याने मधून कडेकडे दाबत नेलेला. वर काळे डाग हवेतच. भट्टी कडक होती याची ती खूण. आच कमी पडली की पारी खुसखुशीत होईपर्यंत कस्टर्ड फुटतं, म्हणून घरच्या ओव्हनमध्ये हा पदार्थ सहसा फसतो.

बेलेंची पारी जास्त कुरकुरीत आणि किंचित खारट, कस्टर्ड कमी गोड. शियादू भागातल्या ‘मांतेइगारिया’चा पास्तेल लोण्याच्या चवीचा आणि अधिक गोड. तिथे काचेआड कामही दिसतं आणि ताजा घाणा निघाला की घंटा वाजते. बेलेंपर्यंत जायला वेळ नसेल तर इथे या, फार काही हुकणार नाही. पण कुरकुरीतपणात पहिला नंबर बेलेंचाच.

सहा नगांचं पार्सल त्याच दिवशी संपवा. कस्टर्डचा ओलावा काही तासांत पारीत उतरतो आणि फ्रिजमध्ये ती चामट होते. ओव्हनमध्ये १८० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवल्यास बऱ्यापैकी सावरते. मायक्रोवेव्हमध्ये आणखी बिघडते. विमानातून घरी नेण्याचा हा खाऊ नव्हे.

अंडं टाळता येणार नाही. पारीला लोणी वापरलंय, मार्जरीन की डुकराची चरबी, हे शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं.

पावांत ‘पांव द देउश’ चुकवू नका: मऊ, किंचित गोड, वर भाजलेल्या खोबऱ्याचा थर. तो मधोमध चिरून हॅम-चीज भरूनही देतात, म्हणून नुसता हवा असल्यास ‘सिंप्लेश’ म्हणा. रेस्टॉरंटमध्ये न मागता टेबलावर आलेली पावाची टोपली मात्र फुकट समजू नका. खाल्लीत तर पैसे लागतात. नको असेल तर हात लावायच्या आधी परत पाठवा, कोणी वाईट वाटून घेत नाही.